एम६९ वरची गाडी : एका जुन्या इस्टेटच्या खरेदीचं प्रकरण

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरच्या दक्षिणेला ओडबीत राहते आणि कोव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात नर्स आहे. घर ते वॉर्ड २८ मैल, म्हणजे ४५ किलोमीटर. आठवड्याला तीन लांब शिफ्ट, प्रत्येकी साडेबारा तासांची. सकाळी साडेसातला हँडओव्हर, म्हणजे घरातून सव्वासहाला निघायचं. लेस्टर आणि कोव्हेंट्रीमध्ये एम६९ हा सरळ मोटारवे आहे, पण थेट रेल्वे नाही. ननीटनला गाडी बदलावी लागते आणि साडेसातची वेळ त्यात बसत नाही. दीड वर्ष ती एका मल्याळी मैत्रिणीच्या गाडीतून जात होती. मे २०२५ मध्ये ती मैत्रीण दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि मला फोन आला.

“मामा, साडेसात हजार पौंडांत सगळं बसवायचंय. गाडी, विमा, टॅक्स, सगळं. आणि माझी कंबर मोडता कामा नये.”

या शेवटच्या वाक्यामुळे प्रकरण वेगळं झालं. तिला दोन वर्षांपासून कमरेचं दुखणं आहे. रुग्णांना उचलून, वळवून नर्सच्या कमरेचं जे होतं तेच. बारा तास उभं राहिल्यावर परतीचा पाऊण तास ज्या सीटवर बसायचं ती सीट बरी हवी, हे तिचं म्हणणं मला मनापासून पटलं. स्वस्त गाडी शोधताना लोक आराम ही चैन समजून पहिल्या फटक्यात यादीतून काढतात. रोज ५६ मैल जाणाऱ्या माणसाला आराम हा खर्चाचाच भाग आहे. कंबर धरली की शिफ्ट बुडते.

दुसरी अट जावईबापूंची. ते ढोलताशा पथकात वाजवतात आणि महिन्यातून दोनदा रविवारी सरावाला बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागात जातात. दोन ढोल, एक ताशा, टिपरू, ध्वजाची काठी. त्यांनी नम्रपणे विचारलं, “मामा, ढोल मावला पाहिजे, एवढंच. बाकी तुम्ही म्हणाल तसं.” म्हणून इस्टेट.

आपल्याकडे इस्टेट म्हटलं की जुन्या लोकांना १९९२ ची, पुण्यात तयार झालेली टाटा इस्टेट आठवते. लांब छप्पर आणि मागे उघडणारा उभा दरवाजा. त्यानंतर मारुतीची बलेनो अल्टुरा आली, टाटांची इंडिगो मरीना आली, पण भारतात हा आकार रुजला नाही. युरोपात तो घरोघरी आहे. बसायला सेडानसारखी, मागे टेम्पोची जागा. एसयूव्हीच्या तुलनेत इस्टेटची डिकी जमिनीजवळ असते. ढोल छातीपर्यंत उचलायचा की मांडीपर्यंत, हा फरक कंबर दुखणाऱ्या घरात मोठा आहे.

पैशाचं गणित मी आधी कागदावर मांडलं, कारण ‘स्वस्त गाडी’ हा शब्द फार फसवतो. आठवड्याला १६८ मैल, रजा वगळून वर्षाचे ४५ आठवडे, म्हणजे नोकरीचेच ७,५६० मैल. पेट्रोल लिटरला १.३५ पौंड आणि डिझेल १.४० धरलं. हायब्रिड पेट्रोल इस्टेट मोटारवेवर गॅलनला ५२ मैल देईल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला अठरा किलोमीटरचं ॲव्हरेज. खर्च वर्षाला ८९० पौंड. लहान डिझेल इंजिन ५८ मैल देईल, खर्च ८३०. फरक फक्त ६० पौंडांचा. ‘लांब जायचं तर डिझेलच’ हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. इथे त्या वाक्याची किंमत वर्षाला साठ पौंड निघाली.

आता त्याच्या विरुद्ध बाजूला बर्मिंगहॅम. जून २०२१ पासून मिडलवे या वर्तुळाकार रस्त्याच्या आत स्वच्छ हवा क्षेत्र आहे. युरो ६ नसलेल्या डिझेल कारला आणि युरो ४ नसलेल्या पेट्रोल कारला दिवसाला ८ पौंड, रविवारीसुद्धा. (युरो म्हणजे धुराचे युरोपीय निकष, आकडा मोठा तितका निकष कडक.) डिगबेथ त्या वर्तुळाच्या आत येतं. नव्या गाड्यांना युरो ६ सक्तीचं झालं सप्टेंबर २०१५ मध्ये, आणि आपल्या बजेटमधली बहुतेक डिझेलं त्याआधीची. महिन्याला दोन सराव म्हणजे वर्षाला १९२ पौंड. लंडनला गेलात तर दिवसाला साडेबारा वेगळे. डिझेलची बचत तिथेच संपली.

रोड टॅक्सची एक तारीख प्रत्येक गिऱ्हाइकानं पाठ करावी : १ एप्रिल २०१७. त्याआधी नोंदलेल्या गाडीचा टॅक्स तिच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. किलोमीटरला ११० ग्रॅमपर्यंत असेल तर एप्रिल २०२५ च्या दरानं वर्षाला फक्त २० पौंड. १ एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या बहुतेक गाड्यांना त्याच वर्षीच्या दरानं सरसकट १९५. ‘जरा नवी घेऊ’ म्हणून २०१८ ची गाडी घेतली तर तीच गाडी, तेच इंजिन, आणि दरवर्षी पावणेदोनशे पौंड जास्त. भाचीला हे सांगितल्यावर तिनं वेबसाइटवरची शोधाची खूण ‘२०१७ नंतर’ वरून ‘२०११ ते २०१६’ वर आणली आणि भाव लगेच खाली आले.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या.

पहिली रस्त्याकडेच्या एका डीलरकडे, २०१३ ची डिझेल इस्टेट, ३,४०० पौंड. लखलखीत धुतलेली. निघण्याआधीच नंबर प्लेटवरून मी तिची एमओटीची नोंद काढली होती. इथे तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि तिचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो : पास की नापास, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि ‘पुढे लक्ष ठेवा’ म्हणून दिलेल्या सूचना. तो कागद मी फोनवर भाचीच्या हातात दिला. तिनं एक-दोन मिनिटं वरखाली केलं आणि म्हणाली, “मामा, हा तर केसपेपर आहे.”

मग तिनं तो केसपेपरसारखाच वाचला. २०२१ ला नोंद : इंजिनमधून तेल गळतंय, पण जास्त नाही. २०२२ ला तेच. २०२३ ला तेच, शिवाय मागच्या ब्रेकच्या नळीला गंज. २०२४ ला दुसऱ्याच गावातल्या केंद्रावर तपासणी आणि एकही सूचना नाही. “तीन वर्षं ताप होता आणि चौथ्या वर्षी औषधाशिवाय गेला?” तिनं विचारलं. दुरुस्ती झाली असेल तर पावती असते. डीलरकडे पावती नव्हती. मी खाली वाकून चाकं पाहिली. चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर. जो मालक एक टायर गेला की हाताला येईल तो स्वस्तातला बसवून पुढे जातो, तो तेलही वेळेवर बदलत नसतो, असा माझा अनुभव आहे. डीलरकडून घेतलेल्या गाडीला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं संरक्षण असतं, सदोष निघाली तर तीस दिवसांत परत करता येते. ते संरक्षण खरं आहे. पण एवढ्या लांब शिफ्ट करणाऱ्या बाईनं महिनाभर डीलरच्या दारात भांडत बसायचं, यापेक्षा ती गाडी न घेणं बरं. आम्ही आत बसलोसुद्धा नाही.

दुसरी गाडी होती व्होल्वो व्ही७०, २०११ ची, एका शिक्षकाची. तिच्या सीटबद्दल जे बोललं जातं ते सगळं खरं आहे. भाची बसली, डोळे मिटले आणि पाच मिनिटं बोललीच नाही. केसपेपरही स्वच्छ होता. माझ्या स्वतःसाठी असती तर मी घेतली असती. पण डिझेल, युरो ५, टॅक्स वीसच्या कितीतरी पट, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मालकाला सापडेना. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिनच जातं, म्हणून पावती नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीत मिळवायचा. मिळवल्यावर बजेट ओलांडलं. घरी येताना ती गप्प होती. मला वाईट वाटलं.

तिसरी मार्केट हार्बरोला, एका निवृत्त जोडप्याकडे : टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स, हायब्रिड, मार्च २०१४ ची नोंद, ९१ हजार मैल, मागणी ६,२००. ही गाडी डर्बीशरमधल्या बर्नास्टनच्या कारखान्यात जुळलेली, इंजिन उत्तर वेल्समधल्या डीसाइडचं. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि सोबत विजेची मोटर. क्लच नाही, नेहमीच्या अर्थानं स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. टायमिंगला बेल्टऐवजी साखळी. जुनी गाडी घेताना जे भाग बिघडायची भीती असते त्यातले निम्मे भाग इथे मुळात नाहीतच, आणि मला ही गाडी आवडण्याचं तेच कारण आहे.

केसपेपर : पहिली एमओटी २०१७ मध्ये, त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये, त्याच केंद्रावर. रीडिंग दरवर्षी आठ-सव्वाआठ हजारांनी वाढत गेलेलं, फक्त कोविडच्या वर्षी तीन हजार. सूचना येते, आणि पुढच्या वर्षी ती नसते. पावत्यांची फाईल काकूंनी स्वतः लावलेली, प्रत्येक पावतीवर पेन्सिलीनं मैल लिहिलेले. हायब्रिड बॅटरीच्या वार्षिक तपासणीचा दाखला सगळ्यांत वर. भाची ती फाईल बघत राहिली. वॉर्डात नीट लिहिलेले कागद तिला जसे आवडतात तशीच ती तिला आवडली असावी.

आम्ही आधीच फोनवर सांगितलं होतं की येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. गार इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो गरम झाल्यावर लपतो. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. मागची सीट उचलून खालचा हवेचा मार्ग पाहिला. बॅटरी तिथे असते, तिला थंड ठेवणारी हवा तिथूनच जाते, आणि कुत्र्याच्या केसांनी तो मार्ग बुजला तर बॅटरी तापते. स्वच्छ होता. मग खाली आडवं होऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघितला. हायब्रिड गाडीत इंजिन कमी वेळ चालतं, त्यामुळे कन्व्हर्टरमधले पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू चांगल्या अवस्थेत राहतात आणि चोर या गाड्या हेरून ठेवतात. जिची गाडी रुग्णालयाच्या वाहनतळात तेरा तास उभी राहणार तिच्यासाठी ही नुसती शंका नव्हे. काकांनी पोलादी पत्रा बसवून घेतला होता.

जावईबापूंनी मोजपट्टी काढली. त्यांच्या ढोलाचं तोंड दोन फुटांचं. डिकी ५३० लिटरची, तळ सपाट आणि कडा खाली. पण आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यांनी ढोल सोबतच आणला होता. काकांची परवानगी घेऊन त्यांनी तो आत सरकवला. एक आडवा, दुसऱ्यासाठी तेवढीच जागा शेजारी, मधे ताशा. मागची सीट न पाडता. काका विचारत होते हे कसलं वाद्य, आणि ओडबीचे जावई मार्केट हार्बरोच्या अंगणात त्यांना टोल आणि थापी यातला फरक सांगत होते.

आणि मग आराम. मी भाचीला उभ्या गाडीत वीस मिनिटं बसवलं. पाच मिनिटांत कोणतीही सीट बरीच वाटते. कंबर बोलायला लागते दहाव्या मिनिटानंतर. पाठ टेकवून हात स्टिअरिंगच्या वर ठेवला की मनगट टेकलं पाहिजे, पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि सीटचा फुगवटा कमरेच्या खळग्यात आला पाहिजे, वर नाही. तो आला. व्होल्वोइतका नाही, तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, पण आला. दुसरी गोष्ट चाकं. या गाडीला पंधरा इंची रिम आणि १९५/६५ चे टायर होते. त्याच मॉडेलच्या महागड्या प्रकाराला सतरा इंची रिम आणि २२५/४५ चे टायर येतात. दिसायला ते देखणे, पण टायरची भिंत बारीक, म्हणून खड्डा थेट कमरेत. जाड भिंतीचा टायर म्हणजे फुकटची गादी. ज्यांना आराम हवा त्यांनी लहान रिमचा, साधा प्रकार शोधावा. तो स्वस्तही पडतो.

ए६ वर चालवून पाहिली. एक खोड सांगायला हवी : जोरात पाय दिला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी नंतर पळते. गिअर नसल्यामुळे आवाज एकाच उंचीवर घुमत राहतो. मोटारवेवर चढताना हे दोन-तीनदा होईल. रांगेत, जिथे तिची सकाळ जाते त्या एम६ च्या तोंडाशी, गाडी विजेवर निःशब्द सरकते आणि डावा पाय मोकळा राहतो. भाची म्हणाली, “चालेल.”

गावातल्या एका गॅरेजवाल्यानं ६० पौंड घेऊन गाडी वर चढवून खालून दाखवली. एचपीआय तपासणी केली, कर्ज नाही, अपघातात मोडीत काढलेली नाही. खासगी विक्रीत तीस दिवसांचा तो हक्क मिळत नाही, गाडी वर्णनाप्रमाणे असावी एवढंच. म्हणून हे साठ पौंड. सौदा ५,९०० ला ठरला.

विम्यावर थोडं अडलं. भारतातला परवाना इथे राहायला आल्यावर बारा महिनेच चालतो. भाचीनं इथली परीक्षा २०२४ मध्ये दिली, म्हणून कंपन्यांच्या लेखी ती नवशिकी. नागपुरात तिनं आठ वर्षं चालवलेली गाडी हिशेबात नाही. जावयांचा परवाना जुना, म्हणून ते म्हणाले मुख्य चालक माझं नाव लावू. मी स्पष्ट नाही म्हटलं. गाडी जी रोज चालवते तिचंच नाव मुख्य चालक म्हणून हवं. खोटं लावलं तर ती फसवणूक ठरते आणि अपघाताच्या दिवशी विमा कोरा कागद होतो. तिचं नाव मुख्य, जावयांचं जोडीला, आणि वापरात ‘नोकरीला जाणं-येणं’ स्पष्ट नोंदवलं. कधीतरी ती दुसऱ्या रुग्णालयात बँक शिफ्ट, म्हणजे जादाची शिफ्ट करते, तेही सांगितलं, कारण कामाच्या एकाहून जास्त जागा असतील तर बऱ्याच कंपन्या त्याला व्यावसायिक वापर मानतात. ९४० पौंड झाले.

कागद काकूंच्या जेवणाच्या टेबलावर झाले. काकांनी डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला, ऑनलाइन कळवलं आणि लॉगबुकमधली हिरवी चिठ्ठी फाडून दिली. रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, हे नव्या लोकांना माहीत नसतं. आधीच्या मालकाचा टॅक्स त्याच क्षणी संपतो. चिठ्ठीवरचा बारा आकडी क्रमांक टाकून भाचीनं तिथेच २० पौंड भरले आणि मगच गाडी सुरू केली. खिशात ५८० पौंडांहून थोडे कमी उरले, ते पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला.

आता माझी चूक. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. “मामा, एम६९ वर मागून सतत घूं-घूं येतंय, आणि काल पावसात गोल चौकात मागचं अंग सरकलं.” मी गेलो. मागच्या टायरांची नक्षी पाच मिलिमीटर, कायद्याला १.६ पुरते. खरेदीच्या दिवशी मी नक्षी मोजली होती आणि समाधान मानलं होतं. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचला नव्हता. तो होता १९१७ : २०१७ चा एकोणिसावा आठवडा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत मागचे टायर फारसे झिजत नाहीत, झिजण्याआधी म्हातारे होतात. नखानं दाबलं तर रबर दबेना. भाचीच्या जिवाशी खेळ झाला असता, आणि ज्यानं ते बघायचं तो मी होतो. चारही टायर बारमाही प्रकारचे बसवले, ३१० पौंड. घूं-घूं गेली. कमरेचं सांगायचं तर परतीच्या वाटेवर मोटारवेवरून खाली उतरून पाय मोकळे करणं तिनं आता सोडलंय.

गणपतीत विसर्जन मिरवणुकीला गाडी गेली होती, डिकीत तीन ढोल, एक मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला. मार्च २०२६ ला तिच्या नावावरची पहिली एमओटी झाली. पास, एक सूचना : मागच्या ब्रेक डिस्कला गंज. हायब्रिड गाडी बराचसा वेग मोटरनंच कमी करते, डिस्क कमी घासल्या जातात, म्हणून त्या गंजतात. मी फोन करून हे सगळं समजावून सांगायच्या तयारीत होतो. तिनं आधीच गॅरेजची वेळ घेतली होती आणि पावतीसाठी फाईलमध्ये नवा कप्पा लावला होता, काकूंच्या कप्प्यांच्या मागे, पेन्सिलीनं मैल लिहून.